नववी 'ब', चौदा नियम आणि पेन्सिलीनं लिहिलेला पंधरावा

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. पवित्र पोर्टलवरून (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ) निवड झाली आणि गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. गणित-विज्ञान शिकवतो. यंदा पहिल्यांदाच वर्गशिक्षक केलंय, नववी 'ब'ला. पटावर ५२, मुलं सात गावांतून येतात.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. (आमच्याकडे पंधरा तारखेच्या आसपासच उघडते. इकडे उन्हामुळे उशिरा, हे कळलं तेव्हा आनंदच झाला होता.) पहिल्या दिवशी मी पूर्ण तयारीनिशी गेलो. कार्डशीटवर स्केचपेननं चौदा नियम लिहून भिंतीला लावले. वेळेवर यावे, गणवेशात यावे, परवानगीशिवाय बोलू नये, वगैरे. मुलांकडून मोठ्यानं वाचून घेतले. सगळे एका सुरात 'हो जी' म्हणाले. मला वाटलं, झालं काम.

तिसऱ्या दिवशी पहिल्या तासाला निम्मा वर्ग उशिरा. एकेक जण दारात येऊन 'मे आय कमीन सर', आणि मी एकेकाला कारण विचारतोय. पंधरा मिनिटं त्यातच गेली. गोंगाट इतका की शेजारच्या वर्गावरच्या मॅडम येऊन डोकावून गेल्या. शुक्रवारी चार्टच्या खाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: '१५. सरानं बी वेळेवर यावं.' (त्या आठवड्यात मी दोनदा उशिरा पोचलो होतो, हे खरं. गाडी चिखलात रुतली होती.)

नववी-दहावीच्या पोरांना नियम लावून द्यायचे कसे? किती? मारणं मला जमत नाही, जमवायचंही नाही. ओरडून घसा बसलाय. आणि तो पंधरावा नियम लिहिणारा शोधू का?

तर्रीपोहा

शोधा आणि मॉनिटर करा.

खडूचीधूळ

एकतीस वर्षं नोकरी केली, बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांत. आता निवृत्त आहे, म्हणून लांबलचक लिहायला वेळ आहे. सहन करा.

सर, चौदा नियम म्हणजे सातबारा झाला. भांडण झाल्याशिवाय कुणी तो उघडून पाहत नाही. चार ठेवा, फार तर पाच. आणि 'करू नये' असं लिहिण्यापेक्षा काय करायचं ते लिहा. 'परवानगीशिवाय बोलू नये' हा नियम कुठल्याच वर्गात पाळला जात नाही, तुमच्या शिक्षकसभेतही नाही. 'एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतील' हा पाळता येतो, आणि तो तुम्हालाही लागू होतो.

दुसरं. नियम वाचून घेतला म्हणजे शिकवला असं होत नाही. वर्गमूळ काढायची रीत तुम्ही एकदा सांगून सोडून देता का? सराव घेताच ना? तसाच याचाही घ्यायचा. मी पहिला आठवडा पुस्तक जवळपास उघडत नसे. वह्या जमा करणं हे एकच उदाहरण घ्या. मी सांगत असे: तपासायचं पान उघडं ठेवा, शेवटच्या बाकावरून पुढे सरकवा, पहिल्या बाकावरच्यानं गठ्ठा टेबलावर आणायचा, बाकी कुणी उठायचं नाही. पहिल्या दिवशी याला सात मिनिटं लागत. मी घड्याळ पाहून फळ्यावर लिहीत असे. पोट्ट्यांना त्याचीच चुरस लागे. दहाव्या दिवशी दीड मिनिटावर यायचे. वर्षभर तो वेळ वाचतो आणि गोंगाट व्हायला फट राहत नाही. गोंगाट बहुतेक वेळा या अधल्यामधल्या जागीच होतो: वह्या घेताना, बाक बदलताना, तुम्ही फळा पुसत असताना.

पंधरावा नियम लिहिणाऱ्याला शोधू नका. नियम पुसूही नका.

निंबाचीकाडी

हे सगळं कागदावर छान दिसते. आम्ही मार खाऊनच शिकलो आणि आज चार पैसे कमावून रायलो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोट्ट्याले 'बाळा, वही सरकव' म्हटलं तर तो हसते. धाक नाही म्हणून तर ही पाळी आली.

काळाकोट

@निंबाचीकाडी, काडी दात घासायला वापरा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या लेकरांचा, म्हणून नववी-दहावी मोकळी, असं काही गुरुजी समजतात. तसं नाही. बालन्याय कायदा २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिक्षणसेवकाची कायम होण्याआधीची तीन वर्षं अजून पुरी व्हायची आहेत, हेही धागाकर्त्यानं ध्यानात ठेवावं.

निंबाचीकाडी

कायदा कळला. वर्ग कसा सांभाळायचा ते सांगा ना वकीलसाहेब.

पऱ्हाटी

मी सांगते, मी वर्गावर उभी राहते. अमरावती जिल्हा, आठवी ते दहावी, मराठी आणि इतिहास.

निंबाचीकाडी म्हणतात तो धाक मी पहिली दोन वर्षं वापरला. मारलं नाही, पण जिभेनं सोलून काढायची. वर्ग शांत असायचा. मी रजेवर गेले की त्याच वर्गात दंगा, बदली शिक्षक रडकुंडीला. म्हणजे पोरं नियम पाळत नव्हती, मला पाळत होती.

आता उशिराचं. पाटीपेन्सिल सर, तुमच्या उशिरा येणाऱ्यांपैकी किती जण बसनं येतात ते आधी पाहा. मुलींना पास मोफत आहे, पण गावाला गाडी एकच. ती चुकली किंवा नाल्याला पूर आला तर पोर काय उडून येणार? त्या पोरीला तुम्ही दारात उभं करून सगळ्यांसमोर कारण विचारता. चार दिवसांनी ती पहिला तास बुडवून झाडाखाली बसून राहते, दुसऱ्या तासाला येते. मग आईला वाटतं रोजच उशीर होते तर घरीच राह्य, वेचणीले चाल. असं झालेलं मी पाहिलं आहे.

माझ्याकडे दारात विचारपूस नाही. फळ्यावर पाच मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं असतं. पोरांनी त्याचं नाव 'बोहनी' ठेवलंय, दुकानदाराची सकाळची पहिली विक्री असते तशी. आला, बसला, बोहनी करायला लागला. उशिरा येणाऱ्यानं परवानगी मागायची नाही, मागच्या रिकाम्या बाकावर बसायचं. दारामागे सुतळीनं एक वही टांगलेली आहे, तिच्यात नाव, वेळ, कारण लिहायचं. बोलायचं नाही. मी ती वही शुक्रवारी वाचते. ज्याचं कारण 'बस' आहे त्याच्याशी मी भांडत नाही. ज्याचं 'पानठेला' आहे (कुणी लिहीत नाही, पण वास येतो) त्याला मधल्या सुट्टीत एकट्याला बोलावते.

बाकावरचा

'बोहनी' भारी आहे. वाचनखूण साठवली.

तर्रीपोहा

आमच्या वेळी बोहनी सरच करायचे, आमच्या पाठीवर.

धुऱ्यावरची

मी शिक्षिका नाही. आई हावो. दोन पोरी, एक नववीत, एक सहावीत. शेती तीन एकर, कपाशी न तूर.

गणवेशाचा नियम सरांनी लिहिला, म्हून लिहून रायली. मोठीले एकच ड्रेस हाये. पावसाळ्यात आज भिजला त उद्या वाळत नाही. रात्री चुलीवर दोरी बांधून वाळवतो, मंग त्याले धुराचा वास येते. मागच्या साली तिच्या सरानं वर्गात इचारलं, 'चुलीत झोपली होतीस का?' पोट्टे हासले. ती दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी म्या तिच्या मांगं लागून पाठवली. सरांच्या मनात वाईट नसन, गंमत केली असन. पण नियम करतानी एवढं पाहा जी.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

ताई, वाचलं. परवा मीही एका मुलाला ओल्या शर्टवरून बोललोय. चुकलं.

खडूचीधूळ

ताईंनी लिहिलं ते माझ्या सगळ्या प्रतिसादाहून मोठं आहे. आमच्या शाळेत जुने गणवेश धुऊन कपाटात ठेवलेले असत. भिजून आलेला मागे जाऊन बदलत असे. दहावी होऊन जाणाऱ्यांकडून आम्ही मागून घेत होतो. खर्च शून्य.

मोहफूल

गडचिरोलीकडून. आमच्या वर्गात घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलं बरीच आहेत. मी नवीन असताना नियम केला होता, 'वर्गात मराठीतच बोलायचे'. वर्ग इतका शांत झाला की मला माझीच फुशारकी वाटली. महिन्याभरानं कळलं की ती शिस्त नव्हतीच, त्यांना बोलताच येत नव्हतं. आता गटात काय बोलायचं ते त्यांच्या भाषेत, फळ्यापाशी येऊन सांगायचं ते मराठीत. गोंगाट वाढला. कामही वाढलं.

आणि हजेरीचं एक. मार्चअखेर ते एप्रिल मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे सगळं घर जंगलात असतं. त्या दिवसांत 'वेळेवर यावे' हा चार्ट भिंतीवरच राहतो. आम्ही तेव्हा महत्त्वाचा विषय पहिल्या तासाला ठेवतच नाही, तिसऱ्या तासाला घेतो. वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हातात आहे, पंचांगात नाही.

शून्यतासिका

+१. आमच्याकडे सोयाबीनच्या सोंगणीला आणि पुढे कापूस वेचणीला तीच तऱ्हा. पण एक बाजू तीही आहे. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. सगळंच समजून घेत बसलो तर फेब्रुवारीत त्याच पोराचं नुकसान होतं, आणि पालक आपल्यालाच विचारतात की आधी काऊन नाही सांगितलं. म्हणून मी दर महिन्याच्या शेवटी प्रत्येकाला त्याचा आकडा चिठ्ठीवर देतो: इतके दिवस भरले, इतके गेले, आणखी इतके चुकवता येतील. रागावत नाही. चिठ्ठी घरी जाते. 'आणखी अकरा' असं लिहिलेलं पाहून बापच म्हणतो, आता वेचणीले तू नको येऊ.

बाकावरचा

जरा वेगळं विचारतो. 'बे' चं काय करता? धागाकर्ते सांगलीचे आहेत म्हणून आठवलं. माझे एक पुण्याचे सर होते. आम्ही आपसात 'काय बे' म्हटलं की त्यांना शिवी वाटायची, उठाबशा काढायला लावायचे.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

हाहा, माझीही तीच गत. पहिल्या आठवड्यात एक मुलगा म्हणाला, 'सर, तुमी काऊन रागावून रायले जी?' मला वाटलं हा चेष्टा करतोय. मी आणखी रागावलो. नंतर शिपाईमामांनी सांगितलं की 'जी' लावलाय म्हणजे मान दिलाय.

तर्रीपोहा

'बे' बरोबरीच्यांत चालतो, मोठ्यांशी 'जी'. पोट्टं ज्या दिवशी तुम्हाला 'बे' म्हणेल त्या दिवशी धागा काढा. त्याआधी हलकं घ्या.

सूतकताई

वर्धा. आमच्या जिल्ह्याचं नाव निघणारच होतं, म्हणून मीच काढतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीनं नई तालीमचा आराखडा केला. त्यात हातानं करायचं काम शिक्षणाच्या मधोमध होतं. ते आठवून मी वर्गात जबाबदाऱ्या वाटल्या: फळा, खिडक्या, पाण्याची टाकी, झाडू, हजेरीची आठवण, दिवे-पंखे. दर सोमवारी बदल. ज्या पोराचे हात रिकामे नसतात त्याच्याकडून दंगा कमी होतो, हा माझा अनुभव.

निंबाचीकाडी

म्हणजे शिपायाचं काम पोट्ट्यांकडून. आणि मी म्हटलं तर जुन्या वळणाचा!

पऱ्हाटी

निंबाचीकाडींशी पहिल्यांदाच अर्धी सहमत. सूतकताई, झाडू कुणाच्या हातात जातो ते पाहिलंत का? 'ज्याला आवडेल त्यानं घ्यावं' म्हटलं की झाडू मुलींकडे जातो, आणि मुलींमध्येही ठरावीक वस्तीतल्या मुलींकडे. पाटलाचं पोरगं पंख्याचं बटण घेतं. मी हजेरी क्रमांकानं पाळी लावते, अदलाबदल बंद, आणि पहिल्या सोमवारी झाडू मी मारते. एका पालकानं येऊन विचारलं होतं, 'आमच्या पोराले झाडायले लावता?' मी म्हटलं, काल मी झाडलं, आज तो.

सूतकताई

मान्य. मी क्रमांकानं लावली नव्हती. सोमवारपासून लावतो.

काळाकोट

खर्ऱ्यावर कुणीच बोललं नाही. विदर्भातल्या हायस्कुलाचा धागा आणि खर्रा नाही, म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

शून्यतासिका

बोलतो. कंपासपेटीत सापडतो, कोनमापकाखाली, पन्नीच्या पुडीत. सुपारी, तंबाखू, चुना, घोटून तयार. आठवीपासून सुरू होतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायला बंदी आहे. पण पोट्टं घरूनच आणतं, आजोबाच्या डब्यातून. त्याला सगळ्यांपुढे उभं केलं तर तो हिरो होतो. मी पुडी घेतो, काही बोलत नाही, सुट्टीनंतर सोबत घरापर्यंत चालत जातो. घरी गेल्यावर बहुतेकदा बापाच्याही गालात तोच असतो. मग आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प बसतो. यावर उपाय सापडला असं मी म्हणणार नाही.

बाकावरचा

मोबाईलही घ्या यादीत. आमच्या शाळेत पोरांना मोबाईलबंदी, आणि सर तासाला फोटो काढून वर पाठवतात, 'उपक्रम राबविला'.

खडूचीधूळ

त्याला सर तरी काय करणार? फोटो नाही पाठवला तर उपक्रम झालाच नाही असं धरतात. पण पोरांना सांगून काढावा: 'दोन मिनिटं ऑफिसचं काम आहे, मग खिशात.' चोरून पाहिल्यासारखं पाहिलं की तेही चोरून पाहतात.

मोहफूल

धागा पानठेल्यावरून परत आणते. पाटीपेन्सिल सर, पुढे काय झालं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

महिनाभरानं लिहितोय, क्षमस्व. घटक चाचणीत अडकलो होतो.

चार्ट काढला. मुलांना म्हटलं, चौदा काही चालले नाहीत, तुम्ही सांगा. आधी कुणी बोलेना. मग कोरे कागद वाटले, नाव न लिहिता एक नियम लिहा म्हटलं. आलेल्या कागदांतले निम्मे माझेच नियम परत होते, मला खूश करायला. पण एक कागद होता, 'गावावरून न घरच्या धंद्यावरून चिडवायचं नाही'. मी तो वाचून दाखवला. वर्ग एकदम शांत झाला. नंतर मागच्या बाकावरचा एक म्हणाला, 'आडनावावरून बी, सर.' तो नियम मला सुचलाच नसता. दुसरा होता, 'सरांनी त्याच त्या चौघांना उत्तर विचारू नये'. तोही ठेवला. आता चिठ्ठ्या काढून विचारतो आणि प्रश्नानंतर मनातल्या मनात चारपर्यंत मोजून थांबतो. तेवढं थांबणं मला फार जड गेलं.

असे सगळे मिळून चार झाले. पाचवा म्हणजे तो पंधरावा. त्याच पेन्सिलीच्या अक्षरात ठेवलाय, चार्टची तेवढी पट्टी कापून नव्या कागदावर चिकटवली.

बोहनी सुरू आहे. सुतळीची वहीही. पहिल्या आठवड्यातली कारणं अशी: बस, बस, नाल्याले पूर, बस, बैल सुटला, आई वावरात गेली लहान भाऊ रडत होता, बस, झोप. 'झोप' लिहिणाऱ्यावर मी खूश आहे. एका पानावर माझंही नाव आहे, १०.४२, कारण पंक्चर. मी लिहीत असताना सगळा वर्ग माना वर करून बघत होता.

न जमलेलं: मोठ्या सुट्टीनंतरचा तास. पाणी, घाम, ऊन, कुणी लक्षच देत नाही. वह्या अजून चार मिनिटांच्या खाली आल्या नाहीत. आणि एक मुलगा आहे, त्याच्यावर यातलं काहीच चालत नाही. तो खिडकीतून बाहेर पाहत बसतो. दंगा करत नाही, म्हणून महिनाभर माझं लक्षच गेलं नाही.

पऱ्हाटी

त्या मुलाला खिडक्यांची पाळी द्या. म्हणजे तुम्हालाही त्याच्याशी रोज दोन शब्द बोलायचं निमित्त होईल. आणि सुट्टीनंतरच्या तासाला पहिली पाच मिनिटं तुम्ही काही शिकवू नका. मोठ्यानं काहीतरी वाचून दाखवा. गणिताचं नको.

निंबाचीकाडी

चार मिनिटं? खडूचीधूळ सर दीडवर आणत होते. काडी लागेल म्हटलं होतं ना.

खडूचीधूळ

निंबाचीकाडी, माझा दीड दहाव्या दिवशीचा आहे असं मी लिहिलं खरं. पण त्या वर्गात चौतीस होते. बावन्नला वेळ लागतो. धीर धरा.

धुऱ्यावरची

सर, वहीत 'आई वावरात गेली' लिहिणारी पोरगी कोणाची हाये ते नका इचारू कोणाले. बस.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

नाही विचारणार, ताई.

तर्रीपोहा

धागा वर काढतोय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किती आले?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

एकोणीस. तान्हा पोळा म्हणजे लहान पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, हे मला त्या दिवशीच कळलं. वहीत एकानं कारण लिहिलं होतं, 'बहिणीच्या लाकडी बैलाचं चाक निघालं'. मी साडेदहाच्या आत पोचलो होतो. खिडक्यांवाला माझ्याही आधी आलेला होता, एकटाच, तिन्ही खिडक्या उघडून बसलेला.